घडीचा चाकू रोजच्या स्वयंपाकाला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीला तीन मित्र वन आरकेत राहतात. ओट्यावर शेगडी आणि पाण्याचं पिंप ठेवलं की जागा संपते. त्यांतल्या एकाला बहिणीने फ्रान्सहून ओपिनेल कंपनीचा आठ नंबरच्या मापाचा घडीचा चाकू आणून दिलाय. आतापर्यंत तो ट्रेकच्या सॅकमध्ये असायचा. आता त्यांना वाटतंय की वेगळा चाकू कशाला घ्यायचा, रोजची भाजी यावरच होईल. होईल का? आणि नसेल होणार तर दुसरा कुठला घडीचा चाकू घ्यावा?

होईल. पण तुम्ही आता जशी कापत असाल तशी नाही होणार. हात बदलावा लागेल, आणि त्या चाकूची पावसाळ्यात उस्तवार करावी लागेल. ही उस्तवार जमणार नसेल तर स्टीलचा साधा लहान चाकू आणा आणि ओपिनेल ट्रेकलाच राहू द्या.

मी दादरला अठ्ठावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. सासूबाईंच्या हाताखाली विळीवर शिकले, मग ऑर्डरी वाढल्या तेव्हा पाट आणि सुरा हातात आला. दिवसाला दहा-बारा किलो कांदा चिरलेला हात आहे हा, त्यामुळे घडीच्या चाकूला मी आयुष्यभर खेळणं समजत आले. गेल्या जुलैत भाच्याने असाच आठ नंबरचा चाकू दिला आणि म्हणाला, मावशी, महिनाभर घरचा स्वयंपाक यावर करून दाखव. पैज नव्हती, पण त्याच्या बोलण्यात पैजेचा सूर होता. म्हणून पहिल्या तारखेला सुरा आणि विळी दोन्ही माळ्यावर टाकली. दोन माणसांचा स्वयंपाक, चार आठवडे, वर धो धो पाऊस. खाली लिहिते ते त्या महिन्यातलं.

पहिल्या दिवशी कांदेपोहे. कांदा अर्धा केला, पाटावर पालथा घातला, सुऱ्याने करते तसा भराभर चिरायला गेले आणि बोटांची पेरं पाटावर टाक् टाक् आपटायला लागली. चार कांद्यांत मधल्या बोटाची साल निघाली. कारण चाकूच्या बांधणीतच आहे. स्वयंपाकाच्या सुऱ्याचं पातं मुठीपेक्षा खाली उतरलेलं असतं. माझ्या सुऱ्याची टाच, म्हणजे पात्याचा मुठीलगतचा भाग, जवळपास साडेचार सेंटीमीटर खोल आहे, त्यामुळे धार पाटाला टेकली तरी मूठ धरलेली बोटं वर अधांतरी राहतात. घडीच्या चाकूचं पातं मिटून मुठीतल्या खाचेत जायचं असतं, म्हणजे ते मुठीपेक्षा अरुंदच हवं. धार आणि मुठीची खालची बाजू जवळजवळ एका रेषेत येते. धार पाटाला पूर्ण टेकवायची तर तुमची बोटं पाटाच्या आत जायला हवीत! हा ओपिनेलचा दोष नाही. जगातल्या जवळपास प्रत्येक घडीच्या चाकूचं हेच दुखणं आहे, आणि दुकानात हातात घेऊन बघताना ते कळत नाही, कारण दुकानात पाट नसतो.

यावर दोन उपाय. पहिला, पाट ओट्याच्या अगदी कडेला आणा आणि मूठ कडेबाहेर ठेवून कापा. पातं पाटावर, बोटं हवेत. त्यासाठी पाट घसरता कामा नये, खाली ओलं फडकं घालायचं. आणि सुरा खालीवर डोलवायची सवय सोडायची. टोक पाटावर टेकवून चाकू आपल्याकडे ओढायचा, रेघ मारल्यासारखा. कांद्याच्या उभ्या चिरा या पद्धतीने सुरेख पडतात, सुऱ्यापेक्षाही पातळ, कारण पाठीकडे हे पातं जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड आहे. बारीक चौकोनी चिरायला मात्र वेळ लागतो. सुऱ्याने एक मिनिट लागत असेल तर याने तीन धरा.

दुसरा उपाय म्हणजे पाटच नको. कांदा, बटाटा, काकडी हातात धरायची आणि अंगठ्याच्या दिशेने चाकू ओढत थेट कढईवर किंवा ताटावर चिरायची. पुस्तकवाले शेफ याला नाकं मुरडतात. पण कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याकडे एकदा नीट बघा. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, सगळं डाव्या हातात आणि चकत्या सरळ ब्रेडवर पडतात. त्याला पाट लागत नाही, कारण त्याच्याकडे पाटाला जागाच नाही. तुमच्याकडेही नाही. संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या, भेंडी चिरणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. मीही सात वर्षं केलंय, केंद्र सुरू करायच्या आधी, बोरिवली लोकलमध्ये. तेव्हा पर्समध्ये साधी प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी आणि तिच्या टोकाला वर्तमानपत्राची गुंडाळी असायची. तेव्हा घडीचा चाकू असता तर पर्सचं अस्तर वाचलं असतं!

हातात चिरताना एकच नियम पाळा: अंगठा भाजीच्या मागे, पात्याच्या वाटेत नाही, आणि चाकू मनगटाने ओढायचा नाही. मूठ चार बोटांच्या आत बंद होत जाते, तेवढीच चाकूची धाव. मनगट फिरलं की धार अंगठ्यात.

हा चाकू असा का आहे ते कळलं तर त्याच्याशी भांडण कमी होतं. ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्होया या डोंगराळ मुलखातला. जोसेफ ओपिनेलने १८९० साली तो तिथल्या शेतकरी-गुराख्यांसाठी बनवला. खिशात चाकू, दुपारी पाव आणि चीज हातात धरून कापायचं, फांदी तासायची, पुन्हा खिशात. म्हणजे मुळात तो जेवणाऱ्याचा चाकू. चार माणसांची भाजी चिरायची ही अपेक्षा त्याच्याकडून कुणी केलीच नव्हती. आपल्याकडे रांधणारीचं हत्यार वेगळंच होतं, विळी. पातं स्थिर, भाजी हलते, दोन्ही हात भाजीवर. आणि मिटणारं पातं आपल्याला नवं नाही बरं का. मिटती विळी मुंबईतल्या कितीतरी घरांत होती, चाळीच्या खोलीत जागा कुठे होती उभ्या विळीला! काम झालं की पातं पाटावर आडवं. "विळी उघडी टाकू नये" हे वाक्य ऐकून मोठं झालेल्या माणसाला घडीचा चाकू मिटायची सवय वेगळी लावावी लागत नाही. फक्त मिटत्या विळीचा खिळा, ज्यावर पातं फिरतं तो, भाजीपासून लांब, खाली असतो. चाकूचा खिळा थेट भाजीच्या रसात. हा फरक पुढे महागात पडतो, सांगतेच.

आता भाज्या. महिनाभरात हा चाकू जिथे खरोखर आवडला ती जागा म्हणजे अळू. अळूच्या देठांची साल काढताना सुरा अवजड होतो आणि विळीवर देठ निसटतो. या चाकूच्या टाचेजवळच्या धारेत सालीचं टोक पकडायचं, अंगठा दाबायचा आणि खाली ओढायचं, लांबलचक पट्टी निघून येते. फदफदं करायचं तर दहा-बारा देठ असतात, पाच मिनिटांत झाले. (हाताला आधी खोबरेल तेल चोळा, खाज येते ती चाकू कुठलाही असला तरी येतेच.) शेवग्याच्या शेंगांचे दोरे, घेवड्याच्या शिरा, बटाट्याचे डोळे, कंटोळी अर्धी करून जून बिया टोकाने उचकटणं, भरल्या वांग्यांना चार चिरा देणं, मिरचीला पोट फाडून बिया काढणं या सगळ्यात हा माझ्या सुऱ्याला हरवतो. टोक बारीक, पातं हलकं, आणि ती लाकडी गोलसर मूठ ओल्या हातातही फिरत नाही. लसूण ठेचायला मात्र पातं रुंद हवं, ते इथे नाही. मी बत्त्याने ठेचला.

कोबीला तो पुरत नाही. पातं साडेआठ सेंटीमीटर, कोबीचा गड्डा पंधराच्या घरात. आधी गड्ड्याला चहूबाजूंनी चीर द्यायची, मग हाताने उकलायचा आणि पाव-पाव भाग घेऊन चिरायचा. जमतं, पण पचडी करायची असेल तर किसणीच घ्या. कोथिंबीर बारीक चिरायला पाटावर सुरा डोलवावा लागतो, ते होत नाही. जुडी घट्ट मुठीत धरून हातात कापली. थोडी जाडसर राहिली, आमच्या घरात कोणी तक्रार केली नाही. नारळाच्या जवळ हा चाकू नेऊसुद्धा नका. खोबरं काढायला टोक खुपसून पिरगळायचं आणि पात्याचं टोक मोडून घ्यायचं हा मुंबईतल्या निम्म्या मोडक्या चाकूंचा इतिहास आहे.

आणि लाल भोपळा, सुरण, कच्चं फणस. इथे जरा थांबते, कारण इथे बोटाचा प्रश्न आहे. धार खाली करून दाबता तेव्हा जोर पातं उघडण्याच्या दिशेने जातो, म्हणजे पातं आपल्या थांब्यावर घट्ट बसतं. त्यात धोका नाही. पण भोपळ्यात पातं निम्मं शिरून अडकलं की आपण काय करतो? मूठ खालीवर हलवतो, वर ओढतो. तेव्हा जोर उलटा फिरतो आणि पातं मिटायला बघतं, तेही तुमच्या बोटांवर. टोक कशात तरी खुपसलं तरी हेच. म्हणून कुलूप हवं. ओपिनेलच्या मुठीच्या तोंडाशी जी धातूची कडी आहे ती फिरवली की पात्याची वाट बंद होते. ही कडी चाकूला १९५५ पासून आली, त्याआधी पातं नुसतं लाकडाच्या पकडीवर राहायचं. उघडला की कडी फिरवायची, हे हाताला शिकवा. भाचा म्हणाला, पोहे करताना कशाला? मी म्हटलं, गॅस बंद करताना विचार करतोस का? तरी कडी फिरवून भोपळा कापा असं मी म्हणणार नाही. भोपळेवाल्याकडूनच फोड करून आणा, तो देतो कापून.

आता पाऊस. आठ जुलैची सकाळ, चार दिवस सलग ओल, घरातल्या भिंती घामेजलेल्या. चाकू घेतला तर उघडेना. पात्यावरच्या बारीक खाचेत नख घालून ओढलं, नख तुटलं. मूठ बीच लाकडाची, दमट हवेत लाकूड फुगतं आणि मुठीची खाच पात्याला आवळून धरते. साव्होयातली माणसं यावर एक युक्ती करतात, भाच्याने इंटरनेटवरून शोधून दिली: कडी सैल आहे ना बघायचं, मिटलेला चाकू हातात धरायचा आणि मुठीचं मागचं टोक ओट्याच्या कडेवर टुक्‌कन ठोकायचं. पातं आपसूक थोडं बाहेर येतं, मग बोटांनी उघडायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं. दोन दिवस तीच करमणूक.

पण रोज ठोकत बसणं हा उपाय नव्हे. मी तीन गोष्टी केल्या. चाकू फ्रीजच्या वर, उघडा ठेवायला लागले, तिथे जरा ऊब असते. मग खाचेच्या आत बारीक पॉलिश पेपरची घडी दोन-तीनदा फिरवली, नुसती फुगलेली कड घासली जाईल एवढीच, कारण जास्त घासलं तर उन्हाळ्यात पातं खुळखुळेल. आणि मुठीला तेल पाजलं. कुठलं तेल हा प्रश्न महत्त्वाचा. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई ही तेलं हळूहळू चिकट होतात, खिळ्याजवळ त्याचा मळ धरतो, कढईच्या बाहेरून बसतो तसाच. शिलाई मशीनचं तेल पोटात जायच्या लायकीचं नाही. खोबरेल बरं, ते लवकर चिकटत नाही, फक्त खोलीत एसी जोरात असेल तर थिजतं. सगळ्यांत चांगलं म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, जे बद्धकोष्ठाला देतात तेच. वास नाही, चव नाही, खराब होत नाही. छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते आणि लाकडी पाटालाही चालते. मुठीला फडक्याने चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं. खिळ्यावर एक थेंब. दुसऱ्या आठवड्यानंतर चाकू अडकला तो फक्त एकदा.

हळदीचं सांगायचं राहिलं. मूठ आता पिवळी आहे आणि राहणार. मला चालतं.

तिसऱ्या आठवड्यात मी जो मूर्खपणा केला तो तुम्ही करू नका. मासेमारी बंदीचे दिवस, म्हणून घरात चिकन आलं. मांडीच्या तुकड्यावरची चरबी काढायला हा चाकू झकास, टोक बरोबर शिरतं, म्हणून केलं. धुतला, पुसला, मिटला, ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकडी चिरायला उघडला तर वास! पातं लख्ख होतं, पण खिळ्याजवळ आणि मुठीच्या खाचेच्या तळाशी रस गेला होता आणि दमट हवेत दीड दिवस बंद राहिला होता. ती काकडी मी टाकली. मुठीची खाच लाकडाची, ती रस शोषते, तिथे घासणी पोचत नाही. तेव्हापासून माझा नियम: कच्चं मांस, मासे, अंडी यांना घडीचा चाकू नाही. स्टीलचा असो, लाकडाचा असो, दोन हजारांचा असो की दोनशेचा. आणि तुम्ही तिघं एकाच चाकूवर असाल तर हे तुमच्यासाठी सगळ्यांत आधी वाचायचं वाक्य आहे. चिकन दुकानातून तुकडे करून, साफ करून आणा.

धुवायचं कसं: काम झालं की लगेच, पातं पूर्ण उघडून, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, जुन्या टूथब्रशने खिळ्याची दोन्ही अंगं. खाचेत कानकाडी किंवा फडक्याची सुरळी. मूठ पाण्यात बुडवून ठेवायची नाही, सिंकमध्ये टाकून विसरायचं तर नाहीच. मग झटकून पुसायचा आणि उघडाच वाळवायचा, निदान अर्धा तास. ओला मिटलेला घडीचा चाकू म्हणजे ओल्या डब्याला लावलेलं झाकण. अर्धा तास उघडा ठेवायला सुरक्षित जागा नसेल, लहान मूल घरात येत-जात असेल, तर हा चाकू स्वयंपाकात घेऊच नका.

तुमच्या पात्यावर काय कोरलंय ते बघा. 'इनॉक्स' असेल तर ते न गंजणारं पोलाद. 'कार्बोन' असेल तर तुमच्या विळीसारखं साधं पोलाद. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण मुंबईच्या जुलैत रात्रभरात लाल ठिपके येतात. कैरी, लिंबू, टोमॅटो, चिंचेचं पाणी लागलं की पातं निळं-काळं पडतं आणि कांद्यालाही काळसर कड येते. कच्च्या केळ्याच्या फोडी तर शाईत बुडवल्यासारख्या होतात, केळ्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की हे होणारच, जुन्या विळीवर आपण तेच बघायचो. ते काळं पडणं अपायकारक नाही, पण भाजी दिसायला वाईट. भाच्याने आणला तो इनॉक्स होता, म्हणून मी वाचले. तुमचा कार्बन असेल तर प्रत्येक आंबट गोष्टीनंतर, म्हणजे कांदा चिरून टोमॅटो घ्यायच्या आधीसुद्धा, पुसायचा. खरं सांगू, मुंबईत रोजच्या वापराला मी कार्बन घेणार नाही. पुण्याला कदाचित घेईन.

धार. दुकानातून आला तेव्हा चांगली होती, रोज वापरून पंधरा दिवसांत टोमॅटोची साल दाबू लागली. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला हे पातं देऊ नका. त्याच्यावर माझा राग नाही, माझे सुरे वर्षानुवर्षं त्यानेच लावले. पण त्याचं चाक कोरडं असतं, ठिणग्या उडतात, आणि इतकं पातळ पातं क्षणात तापतं. धारेवर निळा डाग दिसला की समजायचं तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं, निळा रंग साधारण तीनशे अंशांना येतो. मग ती जागा कितीही घासा, धार टिकत नाही. त्याऐवजी पाणी लावून धार करायचा हजार नंबरचा दगड घ्या, नाहीतर घरातल्या चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड आहेच. पातं कडेवर तिरपं धरायचं, पाठ दोन-तीन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी उचललेली, आणि दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढायचं. कपाच्या बुडावर नवी धार घडत नाही, पण वाकलेली सरळ होते, आणि दोघा-तिघांच्या स्वयंपाकाला दोन आठवडे पुन्हा निघतात.

दुसरा कुठला घ्यावा, हा तुमचा उरलेला प्रश्न. मी आणखी दोन प्रकार हाताळले. स्वित्झर्लंडचा तो लाल, बऱ्याच हत्यारांचा चाकू: सफरचंद, पेरू, आंबा यांना छान, पण साध्या मॉडेलच्या पात्याला कुलूप नसतं, नुसत्या स्प्रिंगवर उभं राहतं, आणि कात्री-स्क्रू ड्रायव्हरच्या फटींत कांदा गेला की टूथपिकने तासभर उकरत बसा. त्याच कंपनीचा, व्हिक्टोरिनॉक्सचा, खास स्वयंपाकघरासाठीचा एक घडीचा चाकूही आहे. अकरा सेंटीमीटरचं पातळ, दातेरी पातं आणि प्लॅस्टिकची मूठ. घडीच्या चाकूत रोजच्या भाजीसाठी मला हा सगळ्यांत पटला. लाकूड नाही म्हणून फुगणं नाही, दाते असल्याने टोमॅटो आणि पावाला धार गेल्यावरही जातो. दाते घरी लावता येत नाहीत, ही एक खोट. तिसरा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीतून आणलेला, काळ्या पात्याचा, खटक्याने उघडणारा, मूठ लष्करी वगैरे. पातं तीन मिलिमीटर जाड. त्याने गाजर कापायला गेलात तर गाजर चिरत नाही, फाटतं, तुकडा उडून फ्रीजखाली जातो. जाडी पाठीला एक वेळ चालेल, धारेच्या लगतची जाडी भाजीला चालत नाही. तो चाकू आता पार्सलचे खोके फाडतो. त्यावरचा काळा थरही पंधरा दिवसांत कुठे कुठे उडाला, तो कुणाच्या पोटात गेला देव जाणे.

बटण दाबून फटकन उघडणारा, हिंदी सिनेमातल्या रामपुरीच्या वळणाचा चाकू मात्र कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. कायद्याचं थोडक्यात सांगते. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना शस्त्र कायद्याखालचे नियम लागू होतात, घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमचा साडेआठ सेंटीमीटरचा चाकू त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्या काळात खिशात चाकू घेऊन गर्दीत फिरणं म्हणजे उगाच प्रश्नांना आमंत्रण. मेट्रोत बॅग स्कॅन होते, तिथे अडवू शकतात. विमानात हातातल्या सामानात नाहीच, चेक-इनमध्ये टाकायचा. ट्रेकला नेताना डब्याच्या पिशवीत, डब्याबरोबर ठेवा, खिशात नको.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? भांड्यांच्या दुकानातून शंभर-दीडशे रुपयांचा बारीक स्टीलचा, न मिटणारा लहान चाकू आणला असता आणि पात्याला पुठ्ठ्याचं म्यान करून मसाल्याच्या डब्याशेजारी उभा केला असता. त्याला पेन्सिलीएवढी जागा लागते. चिकन, मासे, अंडी, भोपळ्याची फोड त्याच्याकडे. ओपिनेल कांदा-बटाटा-फळांना आणि अळूला, पाटाच्या कडेवर किंवा हातात. तिघांपैकी एकानेच त्याची जबाबदारी घ्यायची. तीन जणांचा चाकू म्हणजे कुणाचाच नाही, सिंकमध्ये रात्रभर पडणार तो त्यामुळेच.

महिना संपल्यावर सुरा माळ्यावरून खाली आला, तो यायचाच होता. आठ नंबर परत भाच्याकडे जाणार होता, पण ऑगस्टमध्ये अळू पुन्हा आलं आणि मी तो दिलाच नाही. त्याला सांगितलंय, दिवाळीत घेऊन जा. आता तोही दिवाळी कुठली ते विचारत नाही.